हात आवरण्याची विद्या

दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हे सत्कर्म आहे, याविषयी आपल्या समाजात फारसा मतभेद आढळणार नाही. मतभेद असलाच तर तो मदत किती करावी, कोणास करावी आणि तिची वाच्यता करावी की नाही एवढ्यापुरता असतो. परंतु मदत करणे हेच काही प्रसंगी अपाय करणे ठरते, आणि ती कधी करू नये हे कळण्यासाठी माणसाला अनेक वर्षे अभ्यास करावा लागतो, असे कोणी म्हटले तर ते आपल्या कानाला विचित्र वाटेल. ज्या विद्येचा येथे विचार करावयाचा आहे तिच्या मुळाशी हेच विचित्र वाटणारे विधान आहे. मेंदूला इजा झालेल्या माणसाला त्याच्या रोजच्या जीवनात पुन्हा उभे करणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञांचे शिक्षण, ही ती विद्या.

व्यवसायोपचार हा ऑक्युपेशनल थेरपी या इंग्रजी नावाचा मराठी प्रतिशब्द. तो ऐकून पुष्कळांची समजूत होते की, रोग्याला पोटापाण्याचा धंदा शिकविण्याचे हे शास्त्र असावे. तसे नाही. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो ते सारे: आंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, देवपूजा, पत्त्यांचा डाव, नातवाला शाळेत पोचविणे. गीतेत हा शब्द निश्चय या अर्थाने आलेला आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. मेंदूच्या इजेनंतर पुष्कळदा नेमकी हीच शक्ती, म्हणजे एक हेतू मनात धरून तो शेवटास नेण्याची शक्ती, भंगलेली असते. तेव्हा प्रतिशब्द शोधणाऱ्याने नकळत का होईना, मूळ शब्दाहून अधिक खोल जाणारा शब्द आपल्याला दिला असे मला वाटते. या विद्येचे रीतसर शिक्षण आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली सुरू झाले आणि त्याचे श्रेय जन्माने अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांच्याकडे जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

हात लुळा पडला, पाय अधू झाला, तर काय बिघडले आहे हे सर्वांना दिसते. लक्ष, स्मरण, कामाची आखणी आणि स्वतःच्या स्थितीची जाणीव यांत बिघाड झाला तर तो दिसत नाही. एक उदाहरण कल्पून पाहू. पेडण्याकडील पन्नाशीची एक गृहिणी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून जात असता पडते आणि डोक्याला मार लागतो. मेंदूचा कपाळामागील भाग दुखावतो. महिन्या-दीड महिन्याने ती घरी येते. चालते, बोलते, आल्या-गेल्याची विचारपूस करते. बांगड्यांचे हुमण कसे करावे असे विचारले तर नारळ खोवण्यापासून तिरफळे व सोलां घालण्यापर्यंतचा सारा क्रम न अडखळता सांगते. परंतु प्रत्यक्ष चुलीपाशी उभी राहिली की भांडे तापत ठेवून ती नारळ शोधावयास जाते, वाटेत दाराशी आलेल्या शेजारणीशी बोलत बसते, वाटण व्हायच्या आधीच बांगडे पाण्यात सोडते. तिला ठाऊक असलेले आणि तिच्या हातून होणारे यांच्यामधला सांधा निखळलेला आहे. घरच्यांना हे कळत नाही. ते प्रथम तिला हलगर्जी समजतात, मग आजारी समजतात, आणि शेवटी मुलगी प्रेमाने तिच्या हातातला डाव काढून घेते व म्हणते, "आई, तूं बस गो, हांव करतां."

या वाक्यात मायेखेरीज दुसरे काही नाही. तरीही त्या वाक्याने जे घडते ते नीट पाहिले पाहिजे. आपण कालवणात मीठ घालावयास विसरलो तर ती चूक असते. या बाईने तेच विसरले की ते लक्षण होते. निरोगी माणसाच्या चुकीवर घरात हसतात, क्वचित रागावतात, पण त्याच्या हातातला डाव कोणी काढून घेत नाही. इजा झालेल्या माणसाचा चुकण्याचा अधिकार मात्र तो घरी येण्यापूर्वीच संपलेला असतो. आणि चुकणे ज्याला मना आहे त्याला शिकणेही मना आहे, कारण आपण काय विसरतो हे त्याला कळणार तरी कसे?

आता हीच बाई रुग्णालयातील सरावाच्या स्वयंपाकघरात आली आहे, आणि तिच्या मागे व्यवसायोपचाराची एक विद्यार्थिनी उभी आहे असे समजू. बाईंनी भांडे चढविले आहे, नारळ अजून फोडलेलाही नाही. विद्यार्थिनीला पुढची गडबड स्पष्ट दिसते आहे. ती म्हणू शकते, "मावशी, आधी नारळ खोवा." मावशी नारळ खोवतील, हुमण होईल, विद्यार्थिनीला समाधान वाटेल आणि पाहणाऱ्यालाही उपचार यशस्वी झाला असे वाटेल. परंतु यातून बाई शिकल्या त्या एवढेच की, कोणी सांगितले म्हणजे करावे. दुसरा मार्ग असा की काहीच बोलू नये, दहापर्यंत आकडे मनात मोजावे, आणि तरीही बाई थांबल्या नाहीत तर एवढेच विचारावे, "मावशी, आता काय चाललंय? पुढे काय करायचं होतं?" हा प्रश्न कोणत्याही कामात चालणारा आहे. तो वारंवार ऐकून एक दिवस बाई तो स्वतःलाच विचारू लागतील, अशी त्यामागची आशा. तेवढ्याने भागले नाही तर भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवावे. मग नारळाचे नाव घ्यावे. आणि अगदी शेवटी हाताला हात लावावा. थांबणे, सुचविणे आणि साधले तर शाबासकी देणे, या क्रमाचे पाठ विद्यार्थ्यांना दिले जातात. कागदावर तो तीन शब्दांचा पाठ आहे. प्रत्यक्षात त्या पहिल्या शब्दापाशीच बहुतेकांची परीक्षा होते. दुसरा माणूस चाचपडत असता दहा सेकंद स्वस्थ उभे राहणे किती कठीण आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने एखाद्या लहान मुलाला बुटाची नाडी बांधताना पाहावे आणि आपले हात पाठीमागे धरून ठेवावे.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग तत्त्व सोपे आहे: चुकू द्यावे, चुकीतूनच माणूस शिकतो. यास पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात तमारा ओन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या ५४ प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्वयंपाकासारखी कामे चूक होऊच नये अशा बेताने शिकविली. उरलेल्यांना चुका करू दिल्या आणि त्या स्वतः ओळखून सुधारण्यास शिकविले. शेवटी पाहिले तेव्हा दुसऱ्या गटाच्या हातून चुका कमी होत होत्या आणि आपल्या उणिवांची जाणीव त्यांना अधिक आली होती.

परंतु प्रश्न इतक्यात मिटत नाही. जिनिव्हा येथील एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञाने १९११ साली एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिची स्मरणशक्ती इतकी गेलेली होती की, रोज भेटणारा डॉक्टरही तिला रोज नवा वाटे. क्लापारेदने एकदा हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे त्याने हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला, पण का घेतला हे तिला सांगता येईना. टोचल्याची आठवण तिच्यापाशी नव्हती. टोचणे मात्र राहिले होते. (असला प्रयोग आज कोणतीही समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) त्यानंतर अर्धशतकाने, १९६२ साली, ब्रेंडा मिल्नर यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाविषयी जे लिहिले ते याच जातीचे, फक्त सुखद बाजूचे. १९५३ मधील शस्त्रक्रियेनंतर त्याला नवे काही आठवत नसे; पण आरशात पाहून तारा गिरविण्याचे काम तो दिवसागणिक सफाईने करू लागला, आणि दर खेपेस हे काम आपण पूर्वी कधी केलेच नाही असे त्याला वाटे. म्हणजे स्मरण गेले तरी सवय लागते. आणि सवय चांगल्या-वाईटाचा विचार करीत नाही.

ॲलन बॅडले आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली दाखविले ते यावरूनच समजते. स्मृती गंभीरपणे गेलेल्या लोकांना अंदाज बांधावयास लावून, म्हणजे आधी चुकू देऊन, शिकविले तर ते कमी शिकतात. आरंभापासून बरोबर तेच देत गेले तर अधिक शिकतात. कारण उघड आहे. आपण चुकलो हे आठवले तरच चुकीपासून शिकता येते. ज्याला चूक आठवत नाही, पण चुकीची वाट मात्र अंगवळणी पडते, त्याला चुकू देणे म्हणजे त्याच्या अंगी चूक बाणविणे होय. तेव्हा जो आवरलेला हात पेडण्याच्या त्या गृहिणीस मान देणारा ठरला, तोच हात दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. बाहेरून पाहता दोन्ही कृती तंतोतंत सारख्या.

मला या विद्येतील खरी नैतिक अडचण येथे दिसते. आपण सहसा असे धरून चालतो की, सद्भाव असला म्हणजे कृती योग्य ठरते आणि तंत्र हा त्यानंतरचा भाग. या क्षेत्रात ते खरे नाही. समोरच्या माणसाची स्मृती किती शाबूत आहे हे ज्याने नीट तपासले नाही, त्याच्या मनात कितीही आदर असो, तो आदर त्या माणसापर्यंत पोचणारच नाही. उलट तपासणी अचूक केली पण दहा सेकंद थांबण्याचा धीर नाही, तर ते ज्ञानही वाया गेले. ऑलिव्हर झँगविल यांनी १९४७ साली युद्धात जखमी झालेल्यांच्या अनुभवावरून पुनर्वसनाच्या तीन वाटा सांगितल्या: उणीव चुकवून मार्ग काढणे, गेलेल्या शक्तीच्या जागी दुसरी उभी करणे, आणि तीच शक्ती सरावाने परत मिळविणे. या तीन वाटा विद्यार्थ्याला शिकविता येतात. कोणाला कोणत्या वाटेने न्यावे हेही पुष्कळ अंशी शिकविता येते. पण त्या वाटेवर त्याच्या किती पुढे किंवा किती मागे चालावे, हे कोणत्या पुस्तकातून शिकवावे?

चुकू देण्यालाही मर्यादा आहेत. गॅसच्या ज्योतीकडे पदर जात असता दहा अंक मोजीत उभे राहणारी विद्यार्थिनी शिक्षणास नालायक होय, हे सांगावयास नको. दुसरी मर्यादा तितकी उघड नाही. पहिल्या महायुद्धातील डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या कुर्ट गोल्डश्टाइन या जर्मन डॉक्टरने असे पाहिले की, आवाक्याबाहेरच्या कामापुढे उभा केलेला रुग्ण केवळ अपयशी होत नाही, तर त्याचा सबंध तोल जातो. तो घाबरतो, चिडतो, आणि क्षणापूर्वी सहज जमणारी गोष्टही त्याला जमेनाशी होते. अशा रुग्णांनी आपल्या वस्तू अतिशय टापटिपीने ठेवाव्या, नवे काही टाळावे, यातही गोल्डश्टाइनला हट्ट दिसला नाही, स्वसंरक्षण दिसले. ज्याची पडझड झाली आहे तो उरलेल्या भिंतींना धरून राहतो. त्या भिंती हलविताना फार जपले पाहिजे.

आणि ज्याला आपली पडझड ठाऊकच नाही, त्याचे काय? डाव्या बाजूचा पक्षाघात झालेला रोगी आपला हात धडधाकट असल्याचे सांगतो, हे पाहून बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. बुद्धीच्या बिघाडात तर ही अजाणता फार आढळते, कारण ज्या अवयवाने बिघाड ओळखावयाचा तोच बिघडलेला असतो. १९८९ साली क्रॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणिवेच्या पायऱ्या मांडल्या: आपल्यात उणीव आहे एवढे माहीत असणे, काम करीत असता ती जाणवणे, आणि काम करण्यापूर्वीच ती ओळखून बेत करणे. पहिल्या पायरीवरही नसलेल्या माणसाला वर आणावयाचे तर तो पडेल हे ठाऊक असलेले काम त्याला द्यावे लागते. हा सापळा नव्हे काय? क्लापारेदच्या टाचणीहून हे कितपत निराळे?

निराळे आहे, पण आपोआप नाही. ते निराळे करावे लागते. चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात की, रुग्णालाच आधी विचारा: हे काम तुम्हांला किती वेळ लागेल, कोठे अडेल, किती चुका होतील? त्याचे उत्तर लिहून ठेवा. मग काम होऊ द्या. मग त्याचा अंदाज आणि घडलेले त्याच्यापुढे ठेवा, व निकाल त्यालाच देऊ द्या. टाचणी लपविलेली होती. येथे काहीच लपविलेले नाही. न्यायाधीशही बाहेरचा नाही. हा फरक मला पुरेसा वाटतो. तथापि त्याने सारे शंकानिरसन होते असे म्हणता येणार नाही, कारण जाणीव आली की तिच्याबरोबर पुष्कळदा खिन्नताही येते. गेलेले काय हे ज्याला कळत नव्हते त्याला आता कळले. त्या दिवशी उपचारक घरी निघून गेला आणि रुग्ण रात्री एकटाच ते घेऊन बसला, तर शिकविणाऱ्याने आपले अर्धेच काम केले आहे.

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या घरांतून येतो. स्वावलंबन हे पाश्चात्त्यांचे दैवत. आपल्याकडे आईला मुलीने बसवून खाऊ घालणे यात कमीपणा कोणता, असे पुष्कळ लोक विचारतात. प्रश्न वाजवी आहे. स्वतः आंघोळ करणे, स्वतः पैसे मोजणे, स्वतः बसने जाणे ही ध्येये रुग्णालयाच्या छापील कागदावर असतात म्हणून ती प्रत्येकाची होत नाहीत. कोणाला स्वयंपाक नकोच असेल. पण देवघरातली समई आपणच लावली पाहिजे असे वाटत असेल. मात्र हे ठरविणार कोण? मुलीने आईला बसविले यात वावगे काही नाही. आईने बसावयाचे ठरविले होते काय, एवढाच प्रश्न. गेल्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील व्यवसायोपचारतज्ज्ञांनी तयार केलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मुलाखतपद्धतीत रुग्णच आपल्या जीवनातील अडलेल्या गोष्टी सांगतो, त्यांना महत्त्वाप्रमाणे गुण देतो, आणि उपचार संपल्यावर समाधान किती झाले हेही तोच सांगतो. आपल्याकडे ही मुलाखत घेताना विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो असा की, रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजारी बसलेले तिघेजण देतात.

या संदर्भात ल्येव झासेत्स्की या रशियन सैनिकाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर त्याच्या डोक्यात गोळी शिरली. अक्षरे ओळखेनाशी झाली, खोलीतल्या दिशा कळेनाशा झाल्या, शब्द सापडेनासे झाले. एकेक अक्षर आठवून लिहिण्याचा प्रयत्न व्यर्थ होत असता, विचार न करता, हात न उचलता सबंध शब्द एकदम लिहावयास त्याला सांगण्यात आले. आणि हाताने तो लिहिला. शब्द डोळ्यांतून गेला होता, हातात राहिला होता. त्या एका वाटेने तो पुढे सुमारे पंचवीस वर्षे लिहीत राहिला. तीन हजारांच्या आसपास पाने झाली. स्वतः लिहिलेले त्याला धड वाचताही येत नसे. अलेक्सान्द्र लुरिया यांनी १९७१ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले म्हणून जगाला ते कळले. कोणत्याही व्यवहारी मोजपट्टीने पाहिले तर त्या लेखनाने त्याचे एकही काम सोपे झाले नाही. त्याने तेच निवडले होते. उपचाराने त्याला वाट दिली. कोठे जावयाचे ते उपचाराने सांगितले नाही.

साधने आता पुष्कळ आली आहेत. कॅलिफोर्नियात एका अभियंत्याने, ज्याच्या मुलालाच मेंदूची इजा झाली होती, एका तज्ज्ञाच्या साहाय्याने ठरल्या वेळी कामाची आठवण देणारी खिशातली यंत्रणा काढली. २००१ साली इंग्लंडमध्ये १४३ जणांवर तिचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तो पुरा करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांना तिचा स्पष्ट उपयोग झालेला आढळला. आज तेच काम प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल करतो. यंत्राचा एक गुण मला येथे नमूद करावासा वाटतो: ते आठवण देते आणि गप्प होते. ते डाव हातातून काढून घेत नाही. पण कोणत्या वेळी कोणती आठवण द्यावी, आणि कोणती हळूहळू बंद करावी, हे ठरविणारा माणूसच लागतो.

जागतिक व्यवसायोपचार महासंघाने विद्यार्थ्यासाठी प्रत्यक्ष कामाचे किमान एक हजार तास नेमून दिले आहेत. त्या तासांची नोंद वहीत होते: अमुक रुग्ण, अमुक काम, अमुक साहाय्य दिले. जे दिले नाही त्याची नोंद करावयाची पद्धत मला कोठे दिसली नाही. विद्यार्थिनीने त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा असे मी सुचवीन. मावशी अडखळल्या तेव्हा मी किती वेळ थांबले, कोणत्या क्षणी माझा हात पुढे गेला, तो त्यांच्यासाठी गेला की माझ्याच्याने पाहवले नाही म्हणून गेला, हे तिने त्याच संध्याकाळी त्यात लिहावे. शिक्षकाने तो रकाना गुण देण्यापूर्वी वाचावा. आणि रुग्णाची मुलगी जेव्हा घरी न्यावयास येईल तेव्हा त्या वहीतील चार पाने तिलाही, समजतील अशा शब्दांत, वाचून दाखवावी. कारण रुग्णालयातील आठवडे संपल्यावर चुलीपाशी आईच्या मागे तीच उभी राहणार आहे.